शून्य मार्कांची कंपनी

माझी शेवटची पोस्टिंग नाशिकच्या छावणीतल्या लष्करी हॉस्पिटलात होती. हवालदार, नर्सिंग असिस्टंट. घर एकलहऱ्याला, म्हणजे नोकरीत पहिल्यांदाच रोज घरचं जेवण. वाटलं, आता निवांत. कसलं निवांत! मनोविकारांच्या डॉक्टर मॅडम, हुद्द्याने मेजर, त्यांनी बोलावून एक प्रश्नावलीच हातात ठेवली.

काम असं होतं. जवान स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करून घेण्याच्या किती जवळ पोचलाय, ते या प्रश्नांवरून खरंच कळतं का, हे तपासायचं. एकाच जवानाला मॅडमनी एका खोलीत विचारायचं, मी दुसऱ्या खोलीत. जितका धोका जास्त, तितके मार्क जास्त. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मार्क जुळले तर माप भरवशाचं.

"पण भरवशाचं म्हणजे खरं नव्हे," मॅडम म्हणाल्या. "वजनकाटा रोज एकच आकडा दाखवेल, आणि रोज चुकीचा." ते खरं-खोटं नंतर बघायचं होतं. जवानाशी सावकाश बोलून, घरच्यांना विचारून.

शेजारच्या युनिटची एक कंपनी मिळाली. मार्क जुळले. असे जुळले की माझं डोकंच फिरलं. सगळ्यांना शून्य! झोप छान, भूक छान, घरी मजेत. तिसरा प्रश्न होता, गेल्या महिन्यात मरून जावं असं वाटलं का? तो वाचून संपायच्या आत उत्तर यायचं, "नहीं साहब." अहो, सुट्टी नामंजूर झालेला माणूससुद्धा आनंदात. इतकी सुखी कंपनी मी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती.

चहाच्या वेळी एका जवानाने हसत हसत सांगून टाकलं. कंपनीची हजेरी-शिस्त बघणारा हवालदार मेजर खैरनार रोलकॉलला रोज तयारी करून घेत होता. इन्स्पेक्शनला किट लावतात तशी उत्तरं लावून घेतली होती. मी तडक त्याला गाठलं.

"खैरनार, ही परीक्षा नाही रे बाबा."

"कंपनीत एक जरी तसला निघाला तर जबाब मला द्यावा लागतो," तो म्हणाला. "तू तुझा दवाखाना सांभाळ."

मॅडमनी सगळं रद्द करून पुन्हा घ्यायची परवानगी मागितली. वरून विचारणा आली, निकाल इतका चांगला आहे तर पुन्हा कशाला? कपाळाला हात लावला मी. मॅडम खुलासे पाठवत राहिल्या, कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला.

तो फिरत असतानाच एका रविवारी दुपारी त्याच कंपनीतला नाईक भाऊलाल अहिरे गेला. स्वतःच्या हाताने. सटाण्याकडचा, व्हॉलीबॉलचा पट्टीचा खेळाडू. माझ्यासमोर दोनदा बसला होता. दोनदा "नहीं साहब." दोन्ही खोल्यांत शून्य. मला भयंकर राग आला. खैरनारचा, वरच्यांचा आणि भाऊलालचाही. एकदा तरी बोलायचं होतंस गड्या.

मग परवानगी लगेच आली. आता काय घाई होती, देव जाणे. कंपनी पुन्हा हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसली. पहिला आत आला तो खैरनार. नियम म्हणून मी दार लावायला उठलो.

"राहू दे उघडं," तो म्हणाला. "ऐकू दे त्यांना."

मी तिसरा प्रश्न वाचला. त्याने खुर्ची दाराकडे वळवली. बाहेरची बडबड थांबली होती.

"हां साहब," तो म्हणाला. "भाऊलाल गेल्यापासून रोज."

त्या दिवसापासून जवान बोलायला लागले. मॅडमचे आणि माझे मार्क कुठे जुळले, कुठे नाही, पण आकड्यांमागे आता माणसं होती. काहींना दाखल केलं, त्यात खैरनारही होता. ती सगळी आज आपापल्या घरी आहेत.

मी आता अंबडला एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर आहे. भाऊलालचं नाव कुठल्याच स्मारकावर नाही, परेडला कोणी वाचत नाही. दरवर्षी, तो गेला त्या तारखेला, खैरनारचा फोन येतो. आधी आम्ही दोघं भाऊलालचं नाव घेतो. मग मी तिसरा प्रश्न विचारतो.

तो लगेच उत्तर देत नाही. जरा विचार करतो, मग म्हणतो, "या वर्षी नाही."

आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवतो.