दुसरी किल्ली

आमच्या यांनी संसारात दोनच गोष्टी मला न विचारता केल्या. एकदा मिशा काढल्या आणि एकदा ती लाल गाडी आणली. मिशा परत आल्या.

जळगावात आमचं पाइपांचं दुकान होतं, दारात एक स्कूटर होती आणि तेवढ्यावर आमचं छान चाललं होतं. नव्वदीच्या सुरुवातीला, थंडीच्या दिवसांत, हे कामासाठी मुंबईला गेले आणि परतले ते दोन दारांची, जमिनीला पोट टेकलेली जपानी स्पोर्ट्स गाडी घेऊन. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या मुलाने ती आखातातून आणली होती. मुलगा समुद्रात बुडून गेला म्हणून वडिलांनी ती विकायला काढली. स्टिअरिंग डाव्या बाजूला होतं. त्यामुळे हे एकटे गाडी घेऊन यायचे तेव्हा समोरून बघणाऱ्याला ड्रायव्हरच्या जागेवर कोणीच दिसायचं नाही. शेजारच्या बायकांनी पहिल्याच आठवड्यात मला हे सांगितलं, आणि सांगताना त्या हसल्या नाहीत.

किल्ली एकच मिळाली. दुसरी मुलाबरोबर गेली, पँटच्या खिशात, असं म्हातारबाबा म्हणाले. गाडीत चोरापासून राखण करणारा कंपनीचाच भोंगा आहे, तो कधीकधी आपला आपण वाजतो, वाजला तर लगेच बंद करायला धावू नका, असंही त्यांनी सांगितलं. शोकात माणूस काहीही बोलतो, असं यांना वाटलं. पुढे अधूनमधून त्यांचा फोन यायचा. गाडी कशी चालते, हे त्यांनी कधी विचारलं नाही. "वाजते का?" एवढंच विचारायचे. मी नाही म्हटलं की फोन ठेवून द्यायचे.

दार किल्लीने लावलं की काचेमागे एक तांबडा दिवा लुकलुकायला लागायचा. मग कोणी दाराला हात घातला की हॉर्न बोंबलायचा आणि इंजिन सुरूच व्हायचं नाही. डाव्या दाराच्या कुलपात किल्ली फिरवली तरच सगळं शांत. मुंबईच्या हवेत हे यंत्र शहाण्यासारखं वागलं असेल. जळगावच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली त्याचं डोकं फिरलं.

वाजायचा तो भर दुपारी. दारं-खिडक्या लावून सगळी कॉलनी कूलरपुढे पडलेली, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, आणि एकदम ती बोंब. देवघराजवळच्या खुंटीवरची किल्ली घेऊन मी चटके खात धावायची. शेडपर्यंत पोचायच्या आत आवाज थांबलेला असायचा. तांबडा दिवा विझलेला, डाव्या दाराची खिट्टी वर आलेली. म्हणजे कोणीतरी कुलपात किल्ली फिरवली होती, आणि किल्ली तर माझ्या मुठीत होती.

मीच दार लावायला विसरले असेन, असं आधी वाटलं. पुढच्या वेळी दार लावून ओढून बघितलं. तरी तेच. एकदा धीर करून आत हात घातला. गाडीची भट्टी झालेली, पण डावी सीट तेवढी गार लागली. मी काही भित्री बाई नाही. पण त्या दुपारी मला फार भीती वाटली, आणि घरात मी ते कोणाला सांगितलं नाही.

वायरिंगवाल्या मिस्त्रीला बोलावलं. उन्हाने कुलपातला स्विच गेलाय, हा पार्ट इकडे मिळणार नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. डॅशबोर्डखालचा डबा काढून वायरी थेट जोडल्या की प्रकरण संपलं, पण मग गाडीला राखण उरणार नाही. हे हटून बसले. कंपनीने बसवलेली वस्तू काढायची नाही, भोंगा गेला की गाडी मध्य प्रदेशात पोचलीच म्हणून समजा. मी म्हटलं, पोचू दे, तिकडच्यांना वाजवू दे. असं तोंडाने म्हणायची खरी, पण माझंही ठरत नव्हतं. भोंगा वाजतो तोवर जो कोणी येतो तो आला हे कळत तरी होतं. भोंगा काढला आणि तो येतच राहिला तर?

हे सगळं आमच्यापुरतं होतं तोवर निभावलं. पण घरात नाना होते. नाना म्हणजे माझे सासरे. अमळनेरकडची शेती सोडून आमच्याकडे राहायला आले होते, छातीचं दुखणं घेऊन. दुखायला लागलं की वेळ घालवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एका दुपारी नाना घामाने डबडबले, चेहरा पांढराफटक पडला. आम्ही दोघांनी धरून त्यांना गाडीत बसवलं, आणि भोंगा सुरू झाला. किल्ली फिरवली, दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. इंजिन दाद देईना. एरवी आपोआप थांबणारी बोंब त्या दिवशी थांबेचना. नाना डोळे मिटून बसले होते आणि मी टपावर बुक्क्या मारत होते. शेवटी हे उन्हातून हायवेपर्यंत पळत जाऊन रिक्षा घेऊन आले. नाना वाचले, पण पुढच्या वेळी इतका उशीर चालणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं.

घरी आल्यावर मी यांना म्हटलं, या घरात भोंगा तरी राहील नाही तर मी. नानाच पलंगावरून बोलले. गाडीत मिठाच्या पाण्याचा वास येत होता म्हणे. नानांनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता, आणि तो मुलगा कसा गेला हे आम्ही त्यांना सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

"तेले कोन्ही पानी दिधं नही," नाना म्हणाले. "पहिले तेना नावनी घागर भर, मंग काय तोडनं ते तोड."

अखजी, म्हणजे अक्षय तृतीया, तोंडावर आली होती. त्या दिवशी आमच्याकडे घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने मातीची घागर भरतात, वर खरबूज आणि सांजोरी ठेवतात, निखाऱ्यावर घास टाकतात. परक्याच्या मुलाची घागर भरल्याचं मी ऐकलं नव्हतं. शिवाय नाव कोणाला माहीत? मी मुंबईला फोन लावला. म्हातारबाबांनी नाव सांगितलं, मग न विचारता पुन्हा एकदा सांगितलं. कशाला हवं, हे त्यांनी विचारलं नाही. ते नाव मी इथे लिहीत नाही.

अखजीला नाना शेडमध्ये खुर्ची टाकून बसले आणि मी गाडीच्या डाव्या दारापाशी घागर भरली. त्या दुपारी भोंगा वाजला नाही. संध्याकाळी पाहिलं तर घागर निम्मी झाली होती. नवी माती पाझरतेच, असं हे म्हणाले. खाली जमीन कोरडी होती. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने डबा काढला.

पावसाळ्यात नानांच्या छातीत पुन्हा दुखायला लागलं. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली आणि आम्ही वेळेत दवाखान्यात पोचलो.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी फोन वाजला. म्हातारबाबांचा आवाज फार खाली गेला होता.

"वाजते का?"

मी हो म्हटलं. खोटं बोलले, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. आतल्या खोलीत माझे नाना घोरत होते. ते घोरणं घरात राहावं म्हणून मी या माणसाच्या मुलाचा आवाज बंद केला होता. खरं सांगायला माझी जीभ रेटली नाही.

मग ते म्हणाले, "हो, येतोय आवाज. फोन ठेवू नका."

मी कूलर बंद केला. बाहेर रणरणतं ऊन होतं आणि शेडमध्ये गाडी गुपचूप उभी होती. काय करावं सुचेना, म्हणून मी रिसीव्हर खिडकीतून शेडच्या दिशेने धरला. हाताला रग लागली तरी धरून ठेवला. परत कानाला लावला तेव्हा म्हातारबाबा रडत होते.

"थांबला," ते म्हणाले. "उघडलं त्याने दार."