ईस्टरपर्यंत राखलेला शब्द

भुईगावच्या रस्त्याला एक ख्रिस्ती म्हातारी रोज मोगऱ्याचे गजरे विकते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच, त्यामुळे प्रकल्प जरा जास्तच मनावर घेतो. तेव्हा अशाच एका प्रकल्पासाठी ख्रिस्ती शब्दांचे अर्थ जमवत होतो. 'आलेलुया' शब्द हिब्रू, अर्थ 'परमेश्वराची स्तुती करा', एवढं पुस्तकात मिळालं होतं. हा शब्द तुम्ही कधी म्हणता, असं तिला विचारलं.

तिने दोरा दातात धरून मान हलवली. "आता नाय बोलायचा. ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ चालू हाय. आता थेट ईस्टरलाच गानार."

शब्द असा जपून ठेवतात, हे पुस्तकात नव्हतं.

गाठ मारून ती म्हणाली, "माझा म्हातारा अंथरुनात हाय. त्याला सांगितलंय, आता गेलास तर तुझ्या मातीला पन तो शब्द कोन गानार नाय. जन्मभर घाई केलीस, आता जरा थांब."

ईस्टरनंतर काही दिवस ती दिसली नाही. परत आली तेव्हा मला विचारवेना. गजरा बांधता बांधता तिनेच सांगितलं, "थांबला रे. मातीला सगल्या गावानं आलेलुया गायलं."