साहेबाचं भजन

माझे सासरे सोपान मास्तर. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. नोकरीत होते तोवर एका हायस्कुलात इंग्रजी शिकवलं, आणि नोकरी संपल्यावर आमच्या गावी, निमगाव सावाला, मारुतीच्या देवळात. संध्याकाळचं भजन झालं की पोरांनी टाळ खाली ठेवायच्या आत आबा म्हणायचे, "थांबा, आता साहेबाचं भजन." मग शेवट सारखा असलेले शब्द एका चालीत. हिदर म्हणजे इकडे, दिदर म्हणजे तिकडे, व्हिदर म्हणजे कुठे. लगेच हेन्स, देन्स, व्हेन्स. इथून, तिथून, कुठून. पोरं डोलायची. मला इंग्रजी येत नाही, पण भाकरी थापताना माझ्याही तोंडात ते यायचं.

शब्द एका जुन्या पिवळ्या पुस्तकातले. आता ते कुणी बोलत नाही, हे सांगायला गावात होतं कोण?

सगळ्यांत गोड म्हणायची माझी नणंद अश्विनी. बी.ए. झाली आणि दोन हजार दोन साली पुण्याला एका कंपनीत, फोनवर बोलायच्या नोकरीसाठी मुलाखतीला गेली. नोकरी लागली तर लग्न लांबवायचं, नाहीतर कळंबचं स्थळ पक्कं करायचं, असं घरात ठरलेलं. तिला लग्न एवढ्यात नको होतं. मी सकाळीच देवापुढं दिवा लावला. सोबत गल्लीतला गोरखही मुलाखतीला गेला होता.

परत आल्यावर ती एवढंच म्हणाली, "कळवतो म्हणालेत."

"आपलं शब्द घातलंस का?" आबांनी विचारलं.

"घातले ना. लई खूश झाले साहेब."

आबांनी देवळात पेढे वाटले.

पुढं पारावर गोरख त्यांना म्हणाला, "मास्तर, रागवू नका राव. अश्विनी म्हणली, आय केम हिदर बाय एसटी. साहेब हसून खुर्चीतच वाकडा. दुसऱ्याला बोलावून परत म्हणायला लावलं. म्हणं, ही भाषा कवाच मेली."

"म्हंजी मी भुतांची भाषा शिकिवली व्हय?" म्हणत आबाही हसले. सगळा पार हसला. हे आमच्या मालकांनी घरी येऊन सांगितलं. आबा जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी भजन संपल्यावर पोरं थांबली, तर म्हणाले, "देवाचं झालं तेवढं बास. घरला जा."

अश्विनीचं लग्न कळंबला झालं. पहिल्या दिवाळीला आली ती अंगणातूनच ओरडली, "आबा, आय ॲम कम हिदर!" अगदी त्या चालीत. मी चुलीपुढं कान देऊन बसले.

आबा ओट्यावर शेंगा फोडत होते. "आलीस? हातपाय धू."

ती तिथंच पायरीवर बसली. "आबा, मला आवडत्यात ते शब्द."

"माझ्यापायी तुला हसलं, पोरी."

"हसू द्या की."

आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

चार वर्षांनी आबा दवाखान्यात होते तेव्हा डॉक्टरांना कुणीतरी सांगितलं, हे इंग्रजीचे मास्तर. डॉक्टर हौसेनं खाटेशी वाकून इंग्रजीत काहीतरी बोलले. आबांनी हात जोडले आणि म्हणाले, "आमाला इंग्रजी येत न्हाई, साहेब."