छाटणीनंतरची मोजमापं

दूरसंचार अभियांत्रिकीत पीएच.डी. मिळवायला काय काय लागतं, याची यादी विद्यापीठाने दिली होती. दर सहा महिन्यांनी प्रगती-अहवाल, दोन छापील शोधनिबंध, प्रबंधाच्या पाच प्रती आणि शेवटी जाहीर मौखिक परीक्षा. सासऱ्यांची द्राक्षबाग लागते, हे त्यात नव्हतं.

पानांतून जाताना रेडिओ लहरी किती क्षीण होतात, हा माझा विषय. मोबाईल नवे होते आणि नाशिकच्या आसपास पानं भरपूर. मी शहरातल्या एका अभियांत्रिकी कॉलेजात शिकवायचो. सुट्टीच्या दिवशी स्कूटरला यंत्रं बांधून आम्ही नवरा-बायको ओझरजवळच्या बागेत जायचो. एका टोकाला मी लहरी सोडायचो, दुसऱ्या टोकाला बायको अँटेना धरून उभी राहायची. ती बी.कॉम. आहे.

सासरे पहिल्याच वर्षी म्हणाले होते, "जावईबापू, पानांचं ठीक हाय. पण वेल ज्यावर चढवलेत त्या तारा लय हायेत. त्यांचं काय?"

मी त्यांना लहरींवर वीस मिनिटं समजावून सांगितलं. त्यांनी चहा मागवला.

मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती. त्या डिसेंबरात प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द होणार होती. मोजमापांची शेवटची फेरी मी दसऱ्याच्या सुट्टीत ठेवली, कारण सुट्टी तेव्हा होती. गेलो तर बागेत एक पान नव्हतं. नुसत्या काड्या आणि तारा. आधी मी पावसाळ्यात नाहीतर जानेवारीत जायचो. तेव्हा पानं असायची. ती कायमच असतात असा माझा समज होता.

"मामा, सांगायचं तरी," मी म्हणालो.

"दरसाल ऑक्टोबरात छाटतो. त्यात सांगायचं काय?"

दुसऱ्या दिवशी ही बातमी घेऊन मी पुण्याला मार्गदर्शकांकडे गेलो. त्यांनी माझी वही शेवटपर्यंत चाळली आणि विचारलं, "पानं नसताना सिग्नल किती येतो, हे कधी मोजलंत?"

कधीच नाही.

"मग इथे काय करताय?"

आठवडाभरात नवे कोंब फुटणार होते. आम्ही तीन दिवस मोजत राहिलो. पानं असतानाचे आकडे आणि नसतानाचे आकडे जवळजवळ सारखेच निघाले. लहरी खात होत्या त्या मुख्यतः तारा. इतकी वर्षं मी निर्दोष पानांवर आरोप ठेवत होतो.

प्रबंध नव्याने लिहिला, डिसेंबरात दिला. त्यात एक वाक्य घातलं की, पानं नसतानाची मोजमापं ठरल्याप्रमाणे घेण्यात आली. मार्गदर्शकांनी त्याखाली पेन्सिलने रेघ मारली. मला वाटलं, आवडलं असावं.

जाहीर परीक्षेला कुणीही येऊन प्रश्न विचारू शकतं, असा नियम आहे. तो कुणी वापरत नाही. त्या दिवशी शेवटच्या बाकावर पांढरी टोपी घालून सासरे बसले होते. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी तारांची कल्पना कशी सुचली असं विचारलं, तेव्हा मी 'सखोल अभ्यासातून' वगैरे म्हणालो. मग रीतीप्रमाणे त्यांनी इतरांना विचारलं, कुणाला काही प्रश्न?

सासरे उभे राहिले. "तारांचं मीच म्हणलो होतो. छाटणीबी मीच केली, यांना न विचारता. ते त्यात लिहिलंय का, एवढंच विचारायचं होतं."

परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. "खरं आहे?"

मार्गदर्शक छताकडे बघत होते. नाही म्हटलं असतं तर प्रबंध वाचला असता आणि मी सासऱ्यांना खोटं पाडलं असतं. "खरं आहे, सर," मी म्हणालो. "ठरलेलं काही नव्हतं. छाटणी केव्हा होते हे मला माहीत नव्हतं."

परीक्षकांनी प्रबंधातलं आभाराचं पान उघडलं. त्यात यंत्र दुरुस्त करणाऱ्याचेसुद्धा आभार होते. मला बाहेर थांबायला सांगितलं.

"मामांना कुणी बोलावलं?" मी बायकोला विचारलं.

"तुम्हीच म्हणालात, कुणीही येऊ शकतं."

अर्ध्या तासाने निकाल सांगितला. पदवीची शिफारस झाली होती, दोन दुरुस्त्यांच्या अटीवर. ते वाक्य काढायचं आणि आभारात सासरे घालायचे. पाचही प्रती पुन्हा बांधून घेतल्या.

तेव्हापासून दर ऑक्टोबरात त्यांचा फोन येतो. "डॉक्टरसाहेब, उद्या छाटणी धरतोय. तुमची काही हरकत?"

मी नाही म्हणतो. मग ते मजुरांना बोलावतात.