मोकळा खांदा आधी

संगमनेरहून पहाटेची एसटी धरली, नगरला गाडी बदलली आणि दहाच्या सुमारास मिरजगावला उतरले. कंडक्टर म्हणाला होता, "उतरल्यावर डाव्या हाताचा रस्ता धरा." मी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि वळले. वेळ बघायला नव्हे. माझं वय बावन्न, शाळेत मराठी शिकवते, पण डावं-उजवं मला आजही कळत नाही. चौथीत असताना वडिलांनी वैतागून हे घड्याळ बांधलं होतं. "घड्याळाचा हात तो डावा, कळलं?" तेव्हापासून सगळा संसार त्याच्याच भरवशावर.

विमानातून उडी मारायचं खूळ त्यातूनच आलं. नवरा हसला, "तुला आपली गल्ली सापडत नाही, आभाळात काय करशील?" मी म्हटलं, वरून खालीच यायचंय, त्यात चुकायचं काय? खरं सांगायचं तर एकदा तरी कुणाचं बोट न धरता मला कुठंतरी पोचायचं होतं. पण आजचं सुरक्षेचं प्रशिक्षण पास झाल्याशिवाय रविवारची उडी मिळणार नव्हती.

माळावर विमान असेल असं वाटलं होतं. होता एक मांडव, काठीवर वाऱ्यानं फुगलेली कापडी पिशवी आणि कडुलिंबाच्या फांदीला टांगलेले पट्टे. आम्ही सहा जण. बाकीचे माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. शिकवायला पारनेरकडचे एक निवृत्त सुभेदार. साडी बदलून मी विजार-सदरा चढवला, तोच त्यांचा हुकूम आला, "घड्याळ, बांगड्या, साखळ्या, सगळं ताटात काढा. वर दोरीत अडकतं."

घड्याळ! झालं, आता बसा बोंबलत.

"हवाई छत्री गुंतली, तर छातीच्या पट्ट्यावरची उजवीकडची मूठ आधी ओढा," सुभेदार सांगत होते. "गुंतलेली छत्री सुटून जाते. मग डावी. दुसरी छत्री उघडते. उलटं केलंत तर दुसरी पहिलीत अडकणार. डोळे मिटून जमलं पाहिजे, वर बघत बसायला वेळ नसतो."

मला पट्ट्यांत अडकवून लोंबकळवलं. डोळे मिटले. "गुंतली!" ते ओरडले. मी एक मूठ ओढली.

"बाई, तुम्ही वारलात."

दुसऱ्यांदाही वारले. पोरं खुदखुदली. सुभेदार शांतपणे म्हणाले, "तिसऱ्यांदा चुकलात तर रविवारी खालूनच बघा." इतका राग आला स्वतःचा! पोरांना शुद्धलेखनासाठी छड्या देणारी मी, आणि मला दोन हात सांभाळता येईनात.

दुपारी शेजारच्या शेतातल्या लीलामावशी जेवण घेऊन आल्या. बाजरीची भाकरी आणि शेंगोळी (हुलग्याच्या पिठाची, रश्शात शिजवलेली वेटोळी). झणझणीत. पण मी भाकरीचा तुकडा नुसताच रश्शात फिरवत बसले.

"बाई, मघापास्नं बघतीया," मावशी म्हणाल्या. "लई घाबरलाय व्हय?"

"डावं-उजवं कळत नाही हो मला."

"मंग कशाला पायजे त्ये? साडी नेसता न्हवं? पदर कंच्या खांद्यावर?"

माझा हात आपोआप खांद्यावर गेला. पदर नव्हता, तरी गेला.

"त्यो मागून. मोकळा खांदा आधी. सुभेदाराला काय कळतंय पदराचं!" म्हणत त्यांनी आणखी एक भाकरी वाढली. ती मी संपवली.

जेवणानंतर पुन्हा लोंबकळले. डोळे मिटले आणि मनातल्या मनात शाळेची निळी साडी नेसले. निऱ्या घातल्या, पदर टाकला.

"गुंतली!"

मोकळा खांदा. मग पदराचा.

कुणी हसलं नाही. डोळे उघडले तर सुभेदार कागदावर सही करत होते. "बाई, जिवंत आहात तुम्ही." मला रडूच फुटलं. मावशी कडुलिंबाखालून म्हणाल्या, "आगं बया, आता कशाला रडायचं?"

परतीची गाडी चुकायला नको म्हणून घाईघाईत साडी नेसले, ताटातल्या वस्तू अंगावर चढवल्या आणि निघाले. रात्री जेवणवेळेला घरी पोचले. नवऱ्यानं दार उघडलं आणि माझ्या हाताकडे बघतच राहिला.

"अगं, घड्याळ उजव्या हातात! आणि बरोबर घरी आलीस कशी?"

मी मनगट पाहिलं. मिरजगावचा फाटा, नगरचं स्टँड, आमची गल्ली, कुठंच घड्याळाकडे पाहिल्याचं आठवेना.

"पदर धरून आले," मी म्हटलं.

त्याला काही कळलं नाही. दारात तसाच उभा राहिला. आमच्या संसारात पहिल्यांदाच गोंधळ त्याचा झाला होता.