सुईकाकांचा हात

चावीच्या फोनोवर गाण्याची तबकडी फिरू लागली की सुईकाका बसत नसत. आम्ही ओटीवर मांडी घालून ऐकायचो आणि हे फोनोपाशी वाकून उभे. उजव्या हाताचं एक बोट सुईच्या दांड्याखाली. वाकडी तबकडी वर आली की बोट वर, खाली गेली की खाली. गाणं संपेपर्यंत जिवाला चैन नसे. वाडीत सुपारी उतरवायला येणारा तुकाराम म्हणायचा, "काका, बाळंतिणीपाशी पन कोन येवढा उभा ऱ्हात न्हाय!"

"बाळंतीण ओरडते तरी," काका म्हणत. "ही एकदम तुटते."

दिवेआगरात वादळाने कौलं उडाली, तेव्हा कितीतरी घरांतल्या जुन्या तबकड्या उन्हात पडून पापडासारख्या वाकल्या. लोक त्या काकांकडे आणू लागले. काका तबकडी दोन काचांमध्ये घालून कोवळ्या उन्हात ठेवत, जरा नरम झाली की सावलीत आणून वर जांभ्याचा बेताचा दगड. मग दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. वाजवताना दर बाजूला नवी सुई. कुणी वापरलेली सुई पुढे केली की विचारत, "एकाच्या खरकट्या ताटात दुसऱ्याला वाढता का हो?" म्हणून ते सुईकाका.

मीही एक तबकडी नेली. माझ्या आईने लग्नाआधी मुंबईत गायलेलं एकुलतं एक गाणं त्यात होतं. मी सात वर्षांचा असताना ती गेली. तिचा आवाज मला आठवत नव्हता. काकांनी तबकडी काचांत घातली, दगड ठेवला आणि म्हणाले, "उद्या या." सत्तरी ओलांडलेला मी, पण घरी जाववेना. काका आंघोळीला गेले तसा मी दगड उचलला. वाक अजून गेला नव्हता. फोनोला चावी दिली, सुई टेकवली. दांड्याखाली बोट धरायचं सुचलंच नाही. आईचे दोन शब्द ऐकले असतील-नसतील, तोच जड दांडा उडाला आणि आपटला. मधल्या भोकापर्यंत तडा.

मी तबकडी, काचा, दगड, सगळं होतं तसं ठेवलं आणि निघून आलो.

दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर काकांनी काच उचलली. मग माझ्यापुढे हात जोडले. "दगड जड झाला हो माझा. तुमच्या आईचा आवाज घालवला मी."

मी म्हणालो, "असू दे, काका." मी त्यांना क्षमा केली!

त्याच आठवड्यात त्यांनी सगळ्यांच्या तबकड्या घरोघर नेऊन दिल्या. "हात गेला माझा," एवढंच सांगत. फोनो झाकून ठेवला. नंतर कधीही जा, ओटीवर बसलेले असत. त्यांना इतकं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मागच्या पावसाळ्यात ते गेले. तेरावा झाल्यावर मी काकूंना सगळं सांगितलं. त्या सुपारी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला कशाला सांगता? ज्यांच्या दारात ते हात गेला म्हणून सांगत फिरले, त्यांना सांगा."

गावात घरोघरी जाऊन मी सांगून आलो. बाकीचे मुंबई-पुण्याला गेलेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. तुमची तबकडी काकांनी न वाजवता परत केली असेल, तर ऐका. त्यांचा हात शाबूत होता. दगडही बेताचाच होता. तबकडी मी फोडली.