झऱ्याचं पाणी आणि माझी बाटली

सिंगापूरमध्ये सेंगकांगला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा तिथली छोटी एलआरटी रेल्वे नवी कोरी होती आणि माझा स्वतःबद्दलचा समजही तसाच चकचकीत होता. जुरोंग आयलंडवरच्या एका कारखान्यात मी पाणी शुद्ध करणाऱ्या विभागात इंजिनिअर होतो. सकाळी कंपनीच्या बसने जायचं, गेटवर पास दाखवायचा आणि दिवसभर टाक्या, पाइप आणि पाण्याचे नमुने. घरी आल्यावरही मी पाण्यावरच बोलतो म्हणून बायको थट्टा करायची. त्या वर्षी आई काही महिने आमच्याकडे होती. नळ उघडला की ती आधी क्षणभर धारेखाली तळहात धरायची आणि मगच भांडं लावायची. लेक तिला सिंगापुरी ढंगात सांगायची, "आजी, टॅप वॉटर ओन्ली लाह." मी सांगायचो, पाणी वाया जातं. आई हसायची आणि पुन्हा तेच करायची.

माझ्या शिफ्टमध्ये एक मलय तंत्रज्ञ होता. त्याच्या आजोबांचं गाव सुमात्राच्या जंगलात, अगदी आत. तिथली माणसं नदीचंच पाणी पितात आणि मुलं सारखी आजारी पडतात, असं तो डब्याच्या वेळी सांगायचा. वर टेकडीवर बारमाही झरा आहे, पण पाइप टाकणार कोण? मी लगेच म्हणालो, आपण टाकू. आणखी दोघं तयार झाले. गावात कामाला सहा दिवस हातात होते. त्यानंतर पावसाने नदी फुगली की सामान नेणारी होडी चालत नाही, म्हणजे मग गोष्ट पुढच्या वर्षावर.

हार्बरफ्रंटच्या धक्क्यावरून फेरी, पुढे दुसरी बोट, मग ट्रक आणि शेवटी दिवसभर लांबट होडी. गाव म्हणजे लाकडी खांबांवर उभी असलेली चौदा घरं. झाडी इतकी दाट की दहा वाजल्याशिवाय अंगणात ऊन उतरत नसे. लोक रबराच्या झाडांचा चीक काढायचे, उतारावर भात पिकवायचे, मासे धरायचे. पायाला जळू चिकटली तर बोलता बोलता काढून टाकायचे. मी मात्र पहिल्या जळूला असा काही नाचलो की सगळं गाव जमा झालं.

झरा एका म्हाताऱ्या बाईच्या राखणीत होता. सगळे तिला नेनेक म्हणत, म्हणजे आजी. तिची लहान नात नदीच्या पाण्यामुळे दोनदा जिवावरच्या दुखण्यात सापडून कशीबशी उठली होती. तेव्हापासून नातीपुरतं पाणी आणायला ही बाई गुडघे धरून रोज दोनदा टेकडी चढायची. पाइप आला तर तिची ही चढण संपणार होती.

पहिल्या सकाळी तिने आम्हाला झऱ्यावर नेलं. तंत्रज्ञ टेप घेऊन खाली उतार मोजत होता. तिने करवंटी बुडवली आणि एकेकाला पाणी दिलं. माझी पाळी आली. पाण्यात पानं कुजून त्याला फिक्या चहाचा रंग आला होता. तपासल्याशिवाय असलं पाणी प्यायचं नाही, हे मी कारखान्यात दुसऱ्यांना शिकवायचो. मी हसलो, सॅकमधली सिंगापूरहून आणलेली बाटली काढली आणि उंच धरून दाखवली, की माझं आहे माझ्याकडे. तिने करवंटी जमिनीवर रिकामी केली. आपण किती गोडीने नाही म्हटलं, याचं मला उलट कौतुकच वाटलं.

दुसऱ्या दिवशी चर खणायला कोणीच आलं नाही. अख्खं गाव येणार असं ठरलं होतं. आम्ही चौघं काळ्या पाइपच्या वेटोळ्यांवर माशा मारत बसलो. माझं डोकं तापलं. रजा खर्चून आम्ही यायचं आणि यांना पडलेलीच नाही, असं मी तोंड सोडून बोललो. तंत्रज्ञ गावात जाऊन आला आणि माझ्याकडे न बघता त्याने सांगितलं. झऱ्याला हात लावायचा तर आधी त्याचं पाणी प्यायचं, ही इथली रीत. आणि नेनेकचं म्हणणं होतं, "ज्याला माझ्या हातचं पाणी चालत नाही, त्याचा पाइप मला नको."

माझ्या हातचं पाणी चालत नाही. हे शब्द मी आमच्या घरात ऐकले होते. आई लहानपणी गावच्या विहिरीपाशी कळशी घेऊन लांब बसून राहायची. कोणाला दया आली तर वरून पाणी ओतलं जायचं. आणि तिच्या हातचं पाणी तर कोणी घेतच नसे. हे तिने आम्हाला एकदाच सांगितलं होतं, पुन्हा कधी नाही. आम्ही शिकलो, बौद्ध म्हणून ताठ मानेने जगलो, मी सातासमुद्रापार नोकरीला आलो. आणि इथे येऊन मी एका म्हातारीशी नेमकं तेच वागलो, तेही हसत हसत. मला स्वतःची इतकी लाज वाटली की तिथून उठवेना.

तरी उठलो. ती घराच्या शिडीवर वेत सोलत बसली होती. तंत्रज्ञाला म्हटलं, मी बोलतो ते जसंच्या तसं सांग.

"माझ्या आईच्या हातचं पाणी लोक पीत नसत," मी म्हणालो. "आणि मी तुमच्या हातचं नाकारलं. चुकलं माझं."

तंत्रज्ञ थबकला. आम्ही चार वर्षं एका टेबलावर जेवत होतो, पण हे मी त्यालाही कधी सांगितलं नव्हतं. मग त्याने ते हळूहळू तिला सांगितलं. नेनेकने विचारलं, आई आहे का? आहे, माझ्या घरीच आहे, मी म्हणालो. तिने वेत बाजूला ठेवला, करवंटी घेतली आणि आमची वाट न बघता टेकडी चढू लागली. झऱ्यावर तिने करवंटी भरली, अर्धी स्वतः प्यायली आणि उरलेली माझ्यापुढे धरली. मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो. मुळांची तुरट चव होती.

दुपारी सगळं गाव कुदळी घेऊन हजर. पुढचे चार दिवस आम्ही बंधारा बांधला, वाळूचं गाळण बसवलं, पाइप खाली आणला. कागदावरचा माझा उतार दोन ठिकाणी झाडांच्या मुळांनी हाणून पाडला. तिथे गावकऱ्यांनी पाइप वेताने खोडांना बांधून पुढे नेला आणि माझी यथेच्छ टिंगल केली. शेवटच्या दिवशी नळ उघडला. आधी नुसती हवा, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ धार. मुलांना उकळूनच द्या, असं मी तिथेही बजावलंच.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं, बाटलीचंही. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती. मग तिने विचारलं, "आणि तुझ्या हातचं ती प्यायली का?"

"प्यायली," मी म्हणालो. "नळाची पहिली करवंटी मीच भरून दिली. सगळी संपवली तिने."

आईने नळ उघडला आणि धारेखाली तळहात धरला, नेहमीपेक्षा जास्त वेळ. पाणी वाया जातंय, असं मी म्हणालो नाही.